ठिगळ शोधायला आलेली पोरगी

वाशीम, ९ जानेवारी २०२५

प्रसेनजित,

तुझी विद्यार्थिनी काल संध्याकाळी पोचली. फोन केला नाही, कारण फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं आणि बाबा ऐकत असतात. पत्रात निदान तुला मध्येच तोडता येत नाही.

दोन वर्षांत तू स्वतः आला नाहीस. आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला आलास, बाबांना पुण्याला नेतो म्हणालास, मी नाही म्हटलं, तू बॅग उचललीस आणि गेलास. आता माणूस पाठवलास. ठीक आहे. रूपाली नाव आहे, सांगलीकडची आहे, पुढच्या खोलीत तिला जागा करून दिली. पाया पडू लागली तर बाबांनी हात धरला आणि म्हणाले, "जय भीम म्हन, तेवढं पुरते."

ती काय शोधायला आली ते तिनं मला जेवताना समजावलं. जुन्या वर्तमानपत्रांत 'ठिगळ' हा शब्द कसकसा वापरला, त्यावर तिची पीएच.डी. आहे. एका शब्दावर पीएच.डी.! मी सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, पण हसले नाही. ती म्हणाली, कंट्रोलच्या काळात कापड मिळत नव्हतं तेव्हा बातम्यांत खरोखरीची ठिगळं होती, आणि त्याच पानांवर अग्रलेखांत मंत्रिमंडळाला ठिगळ, योजनेला ठिगळ, राज्याच्या सीमेला ठिगळ. नागपूरच्या 'पहाटवारा' साप्ताहिकाचे जुने अंक चाळताना तिला बाबांचं नाव दिसलं. "आमचे वाशीमचे बातमीदार पुंजाजी." तिनं ते तुला दाखवलं आणि तू म्हणालास, अरे, हे तर माझे वडील.

तुझे. बरं.

एवढंच सांगते, ती हात हलवत परत येईल. बाबा बोलत नाहीत. भाकर वाढू का, हो. औषध घेतलं का, हो. आई गेल्यापासून आमचं एवढंच बोलणं. नव्वदीच्या माणसाला मी दोष देत नाही. पण माझ्याशी न बोलणारे बाबा तुझ्या रूपालीशी काय बोलणार?

नीलिमा

१७ जानेवारी

प्रसेनजित,

बोलतात. सकाळी दहाला बसतात आणि मी जेवायला हाक मारेपर्यंत उठत नाहीत. दुपारी जरा पडतात आणि चारला पुन्हा, "रूपाबाई, कुठं राह्यलतं आपलं?"

रूपाबाई! मला लहानपणी 'नीले' म्हणायचे, तेही रागावले तर.

ती मोबाईलवर जुन्या पानांचे फोटो मोठे करून दाखवते, वाचून दाखवते, आणि बाबा निवाडा देतात. हे कापडाचं ठिगळ. हे तोंडाचं ठिगळ. ही नावं त्यांनीच पाडली आणि ती पोरगी टाळी वाजवून हसली. काल तिनं वाचलं, "मोर्चातील बायांच्या लुगड्यांना ठिगळे होती, परंतु घोषणांना नव्हती." बाबा म्हणाले, "हे दोन्ही हाये. लिवनारा हुशार हाये." ती म्हणाली, "आजोबा, खाली तुमचंच नाव आहे." आणि बाबा लाजले, प्रसेनजित. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाबांना लाजताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग ती म्हणाली, धर्मांतरानंतरच्या अंकांत हा शब्द बदलतो. तेव्हाचे लेखक लिहितात, सुधारणांची ठिगळं पुरे झाली, आता नवं कापड. बाबा म्हणाले, "व्हय. तवा आमाले ठिगळ शब्दाचाच राग होता. घरात ठिगळ होतं ना." आणि पुढं किती तरी वेळ बोलले. दीक्षेला नागपूरला कसे गेले, कोणाच्या बैलगाडीत, सोबत काय बांधून नेलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का? खरं सांग.

आणखी एक. मी संत्री आणली होती. बाबा एक संत्रं घेऊन बसले, सोललं, एकेका फोडीची पांढरी शीर काढली आणि सगळ्या फोडी बशीत लावून तिच्यापुढं ठेवल्या. असं ते तुझ्यासाठी करायचे. तू तापानं पडला होतास तेव्हा. मला म्हणायचे, तू मोठी हायेस, तुले जमते.

साठ वर्षांची बाई संत्र्यावरून रडली असं कोणाला सांगू नको. रडले नाही, पण तसंच काहीसं झालं.

पोरगी चांगली आहे. भांडी घासू लागते, बाबांचा चष्मा पुसून देते. तिचा हाच मोठा गुन्हा आहे. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

नीलिमा

२६ जानेवारी

प्रसेनजित,

आज झेंडावंदनाला जुन्या शाळेत गेले होते. आले तर तुझा फोन चालू होता, रूपालीच्या मोबाईलवर, आणि समोर बाबा. म्हणजे तू बाबांशी बोलतोस, फक्त माझ्या फोनवर बोलत नाहीस. मला पाहून तिनं घाईघाईनं फोन ठेवला. मग बाबांनीच सांगितलं. मार्चमध्ये पुण्यात चर्चासत्र आहे, बाबांचा सत्कार आहे, आणि त्यानंतर, "प्रसेनजित म्हनते, उन्हाळाभर राहा."

"तुमी काय म्हनलं?"

"पाहू म्हनलं."

'पाहू' म्हणजे बाबांचं हो असतं. तुला माहीत आहे.

आता दुसरी गोष्ट, तीच खरी. परवा बाबांनी तिला इंझोरीची गोष्ट सांगितली. मी तूर पाखडत होते, सगळं ऐकलं. तुझ्याकडं रेकॉर्डिंग आलं असेलच, तरी मी ऐकली तशी लिहिते.

छप्पन्न साल संपत आलं होतं. आपला भाग नुकताच मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्याला जोडला होता. बाबा एकवीस-बावीसचे. इंझोरीच्या शाळेत आपल्या वस्तीतल्या मुली पहिल्यांदा बसू लागल्या, म्हणून ते बातमी करायला पायी गेले. तिथं खेमा नावाची एक मुलगी होती. झग्याच्या खांद्याला हिरवं ठिगळ. बाबांनी तिचं नाव लिहून घेतलं आणि बातमी दिली की मुली शाळेत येत आहेत, अंगावर धड कपडा नाही, तेव्हा समाजानं कापड पाठवावं.

बातमी तिसऱ्या पानावर आली. पण संपादकाला ते ठिगळ आवडलं. त्यानं ते उचलून त्याच अंकात पहिल्या पानावर नेलं. "इंझोरीच्या खेमाच्या झग्यावरील बेढब ठिगळाप्रमाणे विदर्भ आज मुंबई राज्याच्या अंगावर चिकटविण्यात आला आहे." अंक गावात गेला. बाबा पुन्हा इंझोरीला गेले तेव्हा खेमा शाळेत नव्हती. त्यांनी विचारलं तर पोरं म्हणाली, "कोन, ठिगळी?"

बाबा म्हणाले, "मंग मी लिवनं सोडलं."

रूपालीनं मोबाईल खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "एकच ठिगळ, एकाच अंकात, दोन्ही अर्थांनी. आजोबा, असं उदाहरण मला कुठंच मिळालं नाही."

आपण समजत आलो की पंचायत समितीत कारकून लागल्यावर बाबांना लिहायला वेळ मिळाला नाही. आईही तेच सांगायची. रात्री जेवताना मी विचारलं, "बाबा, हे मले कधी काहून नाही सांगतलं?"

बाबांनी घास तसाच धरून ठेवला. म्हणाले, "तुले सांगतलं असतं तर तू रडली असती अन् मले चहा करून देल्ला असता. हे पोरगी लिवून घेते."

मी उठून चहा ठेवला. दुसरं काय करणार होते?

नीलिमा

३ फेब्रुवारी

प्रसेनजित,

रूपाली गेली. तिचं काम आटोपलं असेल. वाशीमलाच मुलींच्या वसतिगृहात राहते म्हणाली, तिची कोणी मैत्रीण आहे तिथं. मी तिला डबा बांधून दिला.

बाबांची तब्येत बरी. जेवण थोडं कमी आहे, थंडी आहे म्हणून. पुण्याचा प्रवास या तब्येतीत झेपणार नाही असं मला वाटतं. डॉक्टरांनाही वाटेल, मी विचारणार आहे.

घर शांत आहे. बरं वाटतं.

नीलिमा

८ फेब्रुवारी

प्रसेनजित,

तू फोनवर ओरडलास म्हणून मी फोन ठेवला. आता ऐक, आणि ओरडू नको.

हो, मीच तिला सांगितलं. बाबांची छाती भरते, डॉक्टरांनी जास्त बोलायला मनाई केली, असं सांगितलं. डॉक्टरांनी असं काही म्हटलं नाही. ती पोरगी बिचारी घाबरली, लगेच सामान भरलं. बाबा झोपले होते. उठले तर म्हणाले, "रूपाबाई कुठं गेली?" मी म्हटलं, काम संपलं. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी 'हो' देखील बोलले नाहीत. ताट पुढं ठेवलं की अर्धी भाकर खायची आणि भिंतीकडं तोंड करायचं.

परवा मी पाटणी चौकात भाजी आणायला गेले. परत आले तर दार उघडं, पलंग रिकामा, काठी नाही, चप्पल नाही. शेजारच्या देवानंदनं सांगितलं, "आजोबा ऑटोत बसले ना वो. इस्त्रीचा शर्ट घालून." मी पाऊण शहर पालथं घातलं. दवाखाना पाहिला, बसस्टँड पाहिलं, मग डोक्यात आलं आणि वसतिगृहाकडं गेले.

व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बाबा बसले होते, बाजूला पायरीवर रूपाली, आणि भोवती पाच-सहा पोरी. बाबा सांगत होते, पोरी हसत होत्या. मला पाहून सगळं थांबलं.

मी म्हटलं, "बाबा, घरी चला."

"येतो. हिले घेऊन येतो."

"तिले तिचं काम नाई का?"

"नीले," बाबा म्हणाले, त्या पोरींसमोर. "मी मरून राह्यलो का?"

"असं कायले बोलता?"

"मंग मले मेल्यासारखं ठिवू नको. तू मले जेवू घालते, धुते, निजवते. हे पोरगी मले इचारते. मले दोन्ही पाह्यजे. तुले एकच द्याचं असन तर मी इथंच बसतो."

रागात लिहायला बसले की माझी शाळेतली भाषा सुटते, म्हणून इथं जपून लिहिते. मला तेव्हा काय वाटलं ते तुला समजणार नाही. तुझ्यासाठी त्यांनी कधी ऑटो केला का? माझ्यासाठी? आई दवाखान्यात होती तेव्हा मी दोन रात्री जागी होते. बाबा घरी होते. मला विचारायला कोणी आलं नाही.

मी रूपालीला म्हटलं, "चल, सामान घे." ती म्हणाली, "ताई, मी येते, पण तुम्ही खरंच म्हणत असाल तर." मी म्हटलं, "खरंच." आता ती पुन्हा पुढच्या खोलीत आहे.

आणि तिनं येता येता एक बातमी आणली. खेमाबाई जिवंत आहेत. इंझोरीतच. तिनं तिथल्या एका शिक्षकाला फोन करून शोधलं. बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "नाई. तिथं जायचं नाई." रूपाली म्हणाली, "मी एकटी जाते, आजोबा. रविवारी जाऊन येते, तुमचं नावही काढणार नाही."

हे मी ऐकून घेतलं.

नीलिमा

१४ फेब्रुवारी

प्रसेनजित,

रूपाली रविवारी इंझोरीला जाणार होती. मी आज शुक्रवारी जाऊन आले.

घरी सांगितलं की पेन्शनच्या कामाला जाते. मंगरूळपीरहून मानोऱ्याकडं जाणारी एसटी धरली, अर्धं तिकीट, खिडकीची जागा. मनात काय होतं ते लपवत नाही. तिच्या आधी पोचायचं होतं. बाबांपुढं असं काही नेऊन ठेवायचं होतं जे तिच्या मोबाईलमध्ये नाही. बाबांसाठी गेले असं कोणी म्हटलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पण तुला कशाला खोटं लिहू?

बुद्धविहाराजवळ विचारलं तर एकानं घर दाखवलं. अंगणात हरभऱ्याचा ढीग आणि त्याच्यापाशी एक म्हातारी, पाय लांब करून, घाटे सोलत होती. नातसून संगीता हिनं पाणी दिलं.

म्हातारीनं विचारलं, "कोन वो तुमी?"

"वाशीमच्या पुंजाजीची पोरगी."

"कोनता पुंजाजी?"

"पेपरात लिवनारा."

तिचे हात थांबले. "तो जित्ता हाये?"

"हाये."

"बरं झालं," खेमाबाई म्हणाल्या. "मले त्याले शिव्या द्याच्या हायेत."

मी बसले. मनात म्हटलं, दे बाई, मला दे, मी घेऊन जाते. पण त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. सगळं हळूहळू सांगितलं, सोलणं चालूच.

झगा खांद्यावर फाटला होता. घरात दुसरा नव्हता. त्यांच्या मायनं स्वतःच्या लुगड्याचा पदराकडचा हिरवा तुकडा कापला आणि लावला. "इतके बारीक टाके, का शाळेतल्या बाईनं बोट फिरवून पाह्यलं. शिवन सापडेच ना. मी तो खांदा पुढं करून चालत जाओ. तुया बापानं इचारलं, हे कोनं शिवलं? मी म्हनलं, मायनं. त्यानं लिवून घेतलं. मले वाटलं, मायचं नाव पेपरात येते. घरी जाऊन सांगतलं. माय दोन दिवस हासत होती."

मग अंक आला. चावडीवर एकानं मोठ्यानं वाचला. मायही ऐकायला गेली होती, मागं उभी राहून. तिथं मायचं नाव आलंच नाही. खेमाचं आलं, आणि पुढं तो शब्द.

"मायले ते समजलं नाई. तिनं इचारलं, बेढब म्हंजे काय वो? मानसं हासले. कोनं तरी सांगतलं. घरी आली, मले झगा काढाले लावला, एकेक टाका उसवला. तुकडा चुलीत टाकला. मले मारलं नाई, काई नाई. उघड्या खांद्यानं मी शाळेत कशी जाऊ? नाई गेली."

मी विचारलं, "विदर्भाचं, राज्याचं काय लिहिलं होतं, ते समजलं होतं?"

"मंग समजलं, मोठी झाली तवा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "माया खांद्याचं त्याहीनं राज्य केलं. आमाले काय त्याचं? टाके चांगले होते ना वो."

परतीच्या गाडीत उभ्यानं आले. आणि खरं सांगते, सगळ्यात आधी मला रडू आलं नाही. आधी वाटलं, हे रूपालीकडं नाही.

नीलिमा

२० फेब्रुवारी

प्रसेनजित,

चार दिवस मी ते कोणाला सांगितलं नाही. रूपालीला म्हटलं, इंझोरीत लग्न आहे, रविवारी कोणी भेटणार नाही. तिनं विश्वास ठेवला. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना ते माझ्याजवळ होतं आणि मला बरं वाटत होतं. ते दोघं समोरच्या खोलीत बोलत, मी आत ऐके आणि मनात म्हणे, बोला, तुम्हाला काय माहीत!

पण ते जास्त दिवस ठेवता येईना. रात्री त्या मायचा आवाज कानात येई. बेढब म्हंजे काय वो?

मंगळवारी रूपाली ग्रंथालयात गेली तेव्हा मी बाबांजवळ बसले आणि सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. टाके, हिरवा तुकडा, चावडी, चूल. बाबांना मायचं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, मुलीला चिडवलं म्हणून ती शाळेत आली नाही.

"बेढब मी नाई लिवलं," बाबा म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"मी लिवलं होतं, हिरवं ठिगळ. नीट लावलेलं, असंच लिवलं होतं. 'नीट लावलेलं' त्यानं काढून टाकलं." मग पुन्हा, "बेढब मी नाई लिवलं." मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी काढून घेतला नाही. मला वाटलं, आता हे दोघांचं आहे, माझं आणि बाबांचं. निदान एवढं तरी.

आणि बाबा म्हणाले, "रूपाबाईले बोलाव. तिले सांग हे. तिनं बरोबर लिवून घेतलं पाह्यजे."

मी हात सोडला.

रात्री मीच तिला सांगितलं, कारण बाबांना सगळं नीट सांगता येत नव्हतं. तिनं मोबाईल काढला नाही. ऐकून तिचे डोळे भरले. मी गेले होते हे कळल्यावर ती रागावेल असं मला वाटलं होतं, मला ते हवंही होतं. ती म्हणाली, "बरं झालं ताई, तुम्ही गेलात. मी गेले असते तर त्यांनी मला हे सांगितलं नसतं." आणि म्हणाली, थिसिसमध्ये खेमाबाईंचं नाव टाकणार नाही, त्यांना विचारल्याशिवाय उदाहरणही घेणार नाही. तू तिला फोनवर सांगितलंस ना, की हे उदाहरण सोडू नको? तिनं तुला नाही म्हटलं, हे मी बाजूला बसून ऐकलं. तुला नाही म्हणणारं या घरात मी एकटीच होते.

सकाळी बाबा म्हणाले, "गाडी सांग. इंझोरीले जाऊ."

नीलिमा

३ मार्च

प्रसेनजित,

काल गेलो. गल्लीतल्या हरीओमची भाड्याची गाडी सांगितली होती, खेमाबाईंना निरोप धाडला होता. बाबा पुढं, मी आणि रूपाली मागं. रस्त्यानं दोन्ही बाजूंनी पळस फुलला आहे. बाबांनी एकदाही बाहेर पाहिलं नाही. मी पाण्याची बाटली धरून, ती बॅग धरून. दोघींनी मनात ठरवलं होतं की उतरताना बाबांचा हात आपण धरायचा. मी डावीकडून धरला, तिनं उजवीकडून. बाबा म्हणाले, "मले चालू द्या वो."

खेमाबाई दारात उभ्या होत्या. नेसूचं लुगडं धुतलेलं, केस विंचरलेले. बाबांना त्यांनी खालून वरपर्यंत पाहिलं. "लय म्हातारा झालास."

"तुमी पन," बाबा म्हणाले.

"ये आत."

आम्ही दोघी मागोमाग पायरी चढलो. खेमाबाईंनी दारात हात आडवा धरला. "तुमी भाईर बसा. संगीता, यायले च्या दे."

मी म्हटलं, "त्याहीले ऐकू कमी येते. मी जवळ बसते."

"मी मोठ्यानं बोलीन."

रूपाली म्हणाली, "आजी, मी फक्त..."

"भाईर."

आणि दार लागलं. प्रसेनजित, आम्ही दोघी निंबाखाली बाजेवर बसलो. आधी आतून खेमाबाईंचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण सूर शिव्यांचा होता, आणि तो बराच चालला. मग बाबांचा, अगदी बारीक. मग काही नाही. संगीताचा चहा आला, गार झाला. आतून काही नाही.

रूपाली म्हणाली, "काय बोलत असतील?"

"मला काय माहीत!"

"आजोबांनी मला सगळं सांगितलं होतं, ताई. दीक्षेचं, वडिलांचं, सगळं. मग आता मी का नको?"

मी तिच्याकडं पाहिलं. नाकाचा शेंडा लाल, ओठ घट्ट मिटलेले, नजर त्या दारावर. दोन महिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मी अशीच दिसत असणार. मला हसू यायला लागलं. तिला वाटलं, मी तिला हसते. मी पदर तोंडाला लावला तरी थांबेना. मग तीही हसली, कशाला हसतो ते न कळताच. संगीता दारातून पाहू लागली, या बायकांना काय झालं म्हणून.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. बाबांचे डोळे लाल होते, खेमाबाईंचे नव्हते. त्या बाबांना धरून पायरी उतरवत होत्या, आणि आम्हाला कोणाला हात लावू दिला नाही. बाबा गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीशी वाकून विचारलं, "मंग?"

"पुढच्या रविवारी," बाबा म्हणाले.

बस्स, एवढंच आम्ही ऐकलं.

परतताना बाबा डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. झोपले की त्यांचं तोंड उघडं राहतं. रूपालीनं हळूच विचारलं, "तुम्हाला नंतर सांगतील ना, ताई?" मी म्हटलं, "सांगतील." मला ठाऊक आहे, नाही सांगणार. मला नाही, तिला नाही. घरी आल्यावर मी चहा दिला, त्यांनी घेतला, आणि म्हणाले, "चांगला झाला." बाकी काही नाही. तूही फोन करून विचारशील. विचार. तुलाही सांगणार नाहीत, आणि हे लिहिताना मला किती बरं वाटतं ते लपवता येत नाही.

रूपालीवरचा माझा राग आता राहिला नाही. राग धरायला मला इंझोरीची ती म्हातारी मिळाली आहे.

पुण्याचं बाबांना मी विचारलं. म्हणाले, सत्काराला येतो, दोन दिवस, उन्हाळाभर नाही, रविवारी काम असते. तेव्हा तूच ये. पुढच्या रविवारी येणार असशील तर गाडीत एक जागा आहे. बाबा पुढं बसतात. त्यांच्या मागची खिडकी माझी आहे. ती मागू नको.

ताई